औषध पडवीत, झाडाझडती मोरीत

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून एका तरुण आईचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर ठाण्याचे. पतीने वडिलोपार्जित हापूसच्या कलमांची बाग स्वतः बघायचे ठरवल्यामुळे यंदाच्या शिमग्याला हे कुटुंब कायमचे गावी आले. मुलगी नऊ महिन्यांची असून नुकतीच रांगू लागली आहे, आणि पाऊस सुरू झाल्यापासून तिला रात्री खोकला येतो. घरातील रसायनांमुळेच हे होत असावे अशा समजुतीने या ताईंनी दोन महिन्यांत तेवीस वस्तू घराबाहेर काढल्या, त्यांच्या जागी ‘रसायनमुक्त’ म्हणवणारी उत्पादने मागवली आणि त्यापायी सहा हजारांवर रुपये खर्च केले. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे; तरीही फिनेल, कपाटातील डांबरगोळ्या आणि तिन्हीसांजेची कॉइल सोडायला त्या तयार नाहीत. ‘आमची पोरं याच घरात वाढली’, असे त्यांचे म्हणणे. गणपतीपूर्वी घर रंगवायचे आहे, त्यावरूनही धुसफूस चालू आहे. ताई विचारतात : सासूबाईंना कसे पटवू? आणि पटतच नसेल, तर घर रसायनमुक्त होईपर्यंत मुलीला घेऊन ठाण्याला जाऊ का?

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि सोबतची तेवीस वस्तूंची यादी तीनदा. फरशी पुसण्याचे द्रव, काचेवर मारायचा फवारा, खोलीत दरवळणारा सुगंध, नॉनस्टिक तवा, प्लास्टिकचे डबे, डासांच्या मशिनची बाटली, असे सगळे तिच्यात ओळीने आहे. यादी काळजीने केलेली आहे आणि त्या काळजीला मी हसणार नाही. नऊ महिन्यांचे मूल दिवसाचा बराच वेळ जमिनीवर असते, हाताला लागेल ते तोंडात घालते आणि वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा अधिक हवा आत घेते. मोठ्या माणसाला जे बाधत नाही ते त्याला बाधू शकते, एवढी तुमची शंका रास्तच आहे.

परंतु मला ज्या वाक्याने थांबवले ते यादीत नाही. पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे : ‘पडवीत फवारणीचा पंप आणि औषधांच्या बाटल्या असतात, पण ती बागेची आहेत, घरातली नाहीत.’ ताई, हे वाक्य वाचून मला ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आठवली. मोरीतल्या बाटल्यांची तुम्ही कसून झाडाझडती घेतलीत. पडवीतल्या बाटल्यांना मात्र त्या बागेच्या म्हणून माफी मिळाली.

यात तुमचा एकटीचा दोष नाही. आपल्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात. ‘कलमांना औषध मारायचे आहे’, ‘औषध मारायला माणसे आली आहेत’, असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि या एका शब्दाने विषाला खोकल्याच्या बाटलीशेजारी आणून बसवले आहे. हापूसच्या मोहोरावर तुडतुड्यांचा बंदोबस्त करण्यासाठी आपल्या भागात डेल्टामेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही औषधे वापरली जातात. बागायतदाराला ती लागतात, हे मी नाकारत नाही. माझ्या माहेरीही कलमे आहेत आणि मोहोर करपलेल्या वर्षी घरावर पसरणारी शांतता मी पाहिली आहे. मात्र एक साम्य पाहा. तुम्ही घाबरून फेकलेल्या मशिनच्या बाटलीत बहुधा ट्रान्सफ्लुथ्रिन असते. ते आणि पडवीतले डेल्टामेथ्रिन ही दोन्ही पायरेथ्रॉइड या एकाच घराण्यातली. एक रात्रभरात थेंबाथेंबाने उडून जाते. दुसरे दहा लिटर पाण्यात काही मिलिलिटर एवढेच घालायचे असते आणि त्याची सबंध बाटली तुमच्या पडवीच्या फळीवर आहे. शेजारी पोफळींसाठी आणलेली मोरचुदाची पिशवी असेल तर तीही पाहून ठेवा, कारण निळे चकचकीत खडे रांगणाऱ्या मुलाला खडीसाखरेहून वेगळे वाटत नाहीत.

तेव्हा पहिले काम हे, आणि ते एका दुपारचे आहे. सगळी औषधे मूळ बाटलीत, मूळ वेष्टनासह, कुलूप लागणाऱ्या पेटीत जावीत. ती पेटी घरात नको, मांगरात किंवा बाहेरच्या खोपीत असावी, आणि तांदळाची कणगी, गुरांचे खाद्य किंवा पिण्याचे पाणी तिच्या आसपास नसावे. प्रत्येक बाटलीवर रंगीत त्रिकोण असलेली चौकट असते. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे, ‘त्यातल्या त्यात कमी’ एवढाच त्याचा अर्थ. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. तुमच्याकडे अशी एखादी बाटली असेल, तर हे पत्र खाली ठेवून आधी तिचा बंदोबस्त करा. रिकामा कॅन तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच घालावे आणि मग कॅनला भोक पाडून तो निकामी करावा. ‘चांगला जाड आहे’ म्हणून त्यात कोकमाचे आगळ किंवा रॉकेल भरून ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. कितीही धुतला तरी तो कॅन पुन्हा घरात येऊ नये.

बाटलीइतकेच महत्त्वाचे आहेत तुमच्या यजमानांचे कपडे. फवारणी करणाऱ्याच्या अंगात औषध जाते ते मुख्यतः कातडीतून, आणि त्याच्या घरात ते येते सदरा, पायताण, टोपी आणि हात यांवरून. आल्या आल्या मुलीला उचलून घेण्याचा मोह बापाला होणारच; पण फवारणीच्या दिवशी बाहेरच्या न्हाणीत साबणाने अंघोळ, मगच ओटीवर पाऊल, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला पाहिजे. ते कपडे पडवीतल्या खुंटीवर टांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगात घालू नयेत. ते वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, आधी नुसत्या पाण्याने आणि मग साबणाने, विहिरीपासून लांब धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. मुलीची लंगोटी आणि हे कपडे एका बादलीत कधीही नकोत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे तुमच्या यजमानांना घाबरवण्यासाठी सांगू नका. फवारणीचा पहिला बळी फवारणाराच असतो, आणि ही शिस्त त्यांच्यासाठीही तेवढीच आहे, हे त्यांना कळावे म्हणून सांगा.

आता धुराकडे येते, कारण मुलीच्या खोकल्याशी धुराचा संबंध फिनेलपेक्षा जवळचा असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तुमच्या घरात, मला पत्रावरून दिसते त्याप्रमाणे, तीन धूर आहेत आणि त्यांपैकी एकाच्याच विरुद्ध तुमची तक्रार आहे.

तक्रार आहे ती कॉइलविरुद्ध, आणि ती खरी आहे. चीन आणि मलेशियातील कॉइल घेऊन केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एक कॉइल जळताना जेवढे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींमधून पडतात, असे त्यात आढळले. याचा अर्थ मुलीने रात्रीत शंभर सिगारेटी ओढल्या असा मुळीच नव्हे. तो धूर सगळ्या खोलीत पसरतो आणि खिडकी उघडी असेल तर बराचसा बाहेरही जातो. पण पावसाच्या झडीमुळे बंद केलेल्या खोलीत, दम्याच्या रुग्णाच्या आणि तान्ह्या मुलाच्या उशाशी, कॉइलला जागा नाही. सासूबाईंच्या छातीसाठीसुद्धा नाही.

दुसरा धूर आहे धुरीचा. ‘ती तर नैसर्गिकच आहे’, असे तुम्ही लिहिता. निखाऱ्यांवर ओवा, वेखंड, धूप टाकून बाळाला शेक आणि धुरी देण्याची आपली रीत जुनी आहे आणि तिच्यामागे माया आहे. परंतु फुफ्फुसाला ओव्याचा धूर आणि कॉइलचा धूर यांतला भेद फारसा कळत नाही. दोन्हींत सूक्ष्म कण आहेत. शिवाय बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास, आणि त्याने झोपेत माणसे दगावतात. म्हणून धुरी थांबवावी, निदान ती बाळाला तरी नको. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे समीकरण कोकणातल्या माणसाने तर कधीच मानू नये. काजूबी भाजताना टरफलातून उडालेले तेल हाताची सालटी काढते, हे आपण बालपणी अनुभवलेले आहे; त्या तेलाइतके नैसर्गिक दुसरे काय असणार? तुम्ही मागवलेल्या ‘वनौषधी’ डासनिवारकाचे घटक वाचा. त्यात नीलगिरी-लिंबाचे (लेमन युकॅलिप्टस) तेल असेल, तर ते तीन वर्षांखालील मुलांना लावू नये. कापराची वडीही मुलांच्या हाती लागता कामा नये. पोटात गेलेला कापूर लहान मुलांना झटके आणू शकतो.

तिसरा धूर तुम्हाला दिसलेलाच नाही, कारण तो घरामागे आहे. न्हाणीचे पाणी चुलीवर तापते आणि ‘पावसात लाकडे पेट घेत नाहीत म्हणून सासूबाई दुधाच्या पिशव्या, कधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावतात’, असे तुम्ही त्यांच्या कामसूपणाचे कौतुक करताना लिहून गेला आहात. ताई, तुमच्या सबंध पत्रातले सर्वांत अपायकारक रसायन हे असू शकते. प्लास्टिक आणि रबर असे अर्धवट जळते तेव्हा काजळी आणि विषारी वायू निघतात. त्यात पीव्हीसी जातीचे प्लास्टिक असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिने नावाची विषारी द्रव्येही तयार होतात. कचरा उघड्यावर जाळण्याला घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई आहे, पण मला नियमापेक्षा त्या राखेची काळजी वाटते. ती राख पुढे काय होते? तिनेच भांडी घासली जातात आणि तीच परसातल्या माठाच्या, वालीच्या आळ्यात पडते. ज्या दिवशी चुलीत प्लास्टिक पडले असेल त्या दिवसाची राख भांड्यांना नको आणि भाजीलाही नको.

पावसात चूल पेटवण्याचा उपाय आपल्याच माडाखाली आहे. मे महिन्यात आगोटीची बेगमी करताना चुडते, नारळाची सोडणे आणि करवंट्या रचून झाकून ठेवाव्यात. कोरडी करवंटी कोणत्याही ट्यूबपेक्षा लवकर पेट घेते. यंदा ते राहून गेले असेल तर उरलेल्या पावसापुरते मुलीच्या अंघोळीचे पाणी गॅसवर तापवा. खर्च वाढेल, पण तुमच्या सहा हजारांत किती सिलिंडर आले असते याचा हिशेब मी तुमच्यावर सोडते.

डासांचे मात्र काहीतरी केलेच पाहिजे. कॉइल बंद करून मुलीला डेंगी होऊ देणे हा शहाणपणा नाही. तान्ह्या मुलासाठी चांगली मच्छरदाणी हा अजूनही सर्वांत उत्तम उपाय आहे, तोही दिवसाच्या झोपेलासुद्धा, कारण डेंगीचा डास दिवसा चावतो. खिडक्यांना जाळी बसवा, म्हणजे त्या उघड्या ठेवता येतील. आणि दर आठवड्याला एकदा घराभोवती फेरी मारा : नारळाच्या पालथ्या न घातलेल्या करवंट्या, पोफळीच्या गळलेल्या विरी, टायर, कुंड्यांच्या थाळ्या, छपरावर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या यांत साचलेले पाणी ओता. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा ही फेरी पुरते. हौद आणि न वापरती विहीर असेल तर गप्पी मासे सोडा. ते आरोग्य केंद्रात मागून पाहा. एवढे करूनही डास राहिले, तर मुलगी खोलीत नसताना मशिन तासभर लावणे आणि मग खिडकी उघडणे हे मला कॉइलपेक्षा बरे वाटते. बाजारात मिळणाऱ्या, नोंदणी क्रमांक नसलेल्या डासांच्या उदबत्त्या मात्र घेऊ नका. त्यांत कोणते कीटकनाशक किती घातले आहे हे कळायला मार्ग नसतो.

आता सासूबाई. ‘आमची पोरं याच घरात वाढली’ हे त्यांचे वाक्य तुम्हाला हट्टाचे वाटले. मला त्यात एक तथ्य दिसते आणि एक चूकही. तुम्ही लिहिता की मूळ घर मंगलोरी कौलांचे होते आणि आठ वर्षांपूर्वी ते उतरवून स्लॅब घातला, सरकत्या काचांच्या खिडक्या बसवल्या. म्हणजे पोरे ‘याच घरात’ वाढली नाहीत. ती कौलांच्या घरात वाढली, जिथे धूर फटींतून वर निघून जाई, डांबरगोळ्यांचा वास माळ्यावरून उडून जाई आणि भिंती आणि छप्पर यांच्यामधून दिवसरात्र वारा वाहत असे. सवयी त्याच राहिल्या, घराचा श्वास मात्र बंद झाला. हे त्यांना सांगून पाहा. ‘तुम्ही चुकत होता’ असे सुनेकडून ऐकणे कोणालाच रुचत नाही. ‘तेव्हा ते चालत होते, कारण घर वेगळे होते’ हे ऐकून घेणे सोपे असते, आणि ते खरेही आहे. शिवाय तुमच्या हाती एक बाजू आहे जी तुम्ही वापरलेली नाही : त्यांचा स्वतःचा दमा. नातीसाठी कॉइल सोडायला सांगितले तर तो सुनेचा हुकूम होतो; त्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीसाठी सांगितले तर तो औषधोपचार होतो. पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत जा आणि कॉइल, धुरी, चूल या तिन्हींचा विषय त्यांच्या समोरच काढा.

गणपतीच्या रंगाबद्दल तुमचा विरोध योग्य आहे, कारण मात्र थोडे वेगळे आहे. नव्या रंगाच्या वासाला तुम्ही घाबरता. मी जुन्या रंगाच्या भुकटीला घाबरते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी मारलेल्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः दारे, खिडक्यांचे गज आणि कठडे यांवरच्या पिवळ्या, लाल, हिरव्या थरांत, शिसे भरपूर असू शकते. तुमच्या घराला स्लॅब नवा असला तरी मुख्य दार आणि देवघराची चौकट जुन्याच घराची आहे, असे तुम्ही लिहिले आहे. रंगारी त्यावर कोरडा पॉलिशपेपर मारतो तेव्हा उडणारी भुकटी जमिनीवर बसते, आणि तुमची मुलगी त्याच जमिनीवर रांगते. शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते आणि त्याची सुरक्षित अशी पातळी ठरलेली नाही. म्हणून जुना थर घट्ट असेल तर तो खरवडूच नका, वरून रंग द्या. खरवडावाच लागला तर पाणी मारून ओला घासायला सांगा, खाली प्लास्टिक अंथरा, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते दोन-तीन दिवस मुलीला घेऊन शेजारी किंवा नातलगांकडे राहा. भिंतींना पाण्यात मिसळणारा रंग पुरतो. गणपतीला आता फार दिवस उरलेले नाहीत, तेव्हा ओटी आणि माजघर रंगवून मुलगी झोपते ती खोली दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेपर्यंत तशीच ठेवावी, असे मी सुचवीन. गणपती त्या खोलीत बसत नाही आणि चाकरमानी तिथे डोकावणार नाहीत.

डांबरगोळ्यांच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. त्यांतील नॅफ्थलीनची वाफ कपड्यांत मुरते, आणि ज्या मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता आपल्या देशात विरळ नाही आणि बहुतेकांना ती आपल्या मुलात आहे हे ठाऊकही नसते. शिवाय गोळी दिसते पेपरमिंटसारखी. मुलीचे कपडे, दुपटी आणि गोधड्या त्या कपाटातून आजच काढा, धुवा, उघडीप मिळेल तेव्हा उन्हात टाका आणि वास पूर्ण गेल्यावरच वापरा. सासूबाईंच्या पैठणीला कसर लागेल ही त्यांची भीती खोटी नाही. त्यासाठी साड्या नीट वाळवून, मलमलीत गुंडाळून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवल्या तर काम भागते. कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका हवा तर; तो कसरीला मारत नाही, पण सासूबाईंच्या मनाला आधार देतो, आणि घरात अशाही उपायांची गरज असते.

आणि फिनेल? ज्याच्यावरून तुमचे सर्वाधिक वाजले, त्याच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे सर्वांत कमी आहे. रोज फरशी पुसायला जंतुनाशक लागतच नाही. साधे साबणाचे पाणी आणि स्वच्छ फडके पुरते. सासूबाईंना संडास-मोरीपुरते ते हवे असेल तर वापरू द्या, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून आणि बाटली उंचावर ठेवून. पांढरे फिनेल पाण्यात घातले की दुधासारखे दिसते, तेव्हा ते पेल्यात किंवा पाण्याच्या बाटलीत कधी काढू नये, एवढे मात्र घरातल्या सर्वांना बजावा.

त्याहून गंभीर गोष्ट आहे मिश्रणाची. बऱ्याच वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर मोरी घासताना मी विहिरीसाठी आणलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लाद्यांवर पसरली आणि डाग निघेना म्हणून वरून ॲसिड ओतले. क्षणात हिरवट, घसा जाळणारा वायू उठला; दार उघडे होते म्हणून मी बाहेर पडू शकले आणि दोन दिवस खोकत राहिले. तो क्लोरीन होता. ब्लीचिंगबरोबर ॲसिड नको, अमोनिया नको, आणि तुम्ही अलीकडे आणलेले व्हिनेगरसुद्धा नको. जाता जाता, सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून जो फेस येतो त्याच्यावर तुमचा फार विश्वास दिसतो. तो फेस विरल्यावर उरते ते जवळजवळ निष्प्रभ खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरा, उपयोग होईल. तांब्या-पितळेच्या भांड्यांना तर आमसूल आणि मीठ यांच्यापुढे काहीच नको.

राहिलेल्या वस्तूंची चर्चा थोडक्यात उरकते. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये आणि लेप निघाला की टाकावा. एरवी त्याच्यासाठी झोप घालवू नये. गरम आमटी आणि आंबट पदार्थ प्लास्टिकमध्ये न ठेवता स्टीलमध्ये किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवावेत. सुगंधी फवारा फेकलात ते बरे केलेत, त्याच्या जागी दुसरा ‘नैसर्गिक’ फवारा मागवलात ते बरे केले नाही. ‘रसायनमुक्त’ असे काही नसतेच. पाणीही रसायन आहे आणि मीठही. वेष्टनावरचा तो शब्द वाचण्यापेक्षा मागची घटकांची यादी वाचावी, आणि यादीच छापलेली नसेल तर ती वस्तू परत ठेवावी.

खोकल्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. मी कारणांचा अंदाज केला, निदान केलेले नाही. पावसाळ्यात साधी सर्दी, भिंतीवरची ओल आणि बुरशी यांनीही असाच खोकला येतो. पलंगामागची भिंत काळवंडली आहे का ते पाहा. मुलीला या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि धुरी, कॉइल, चूल, पडवी हे सगळे त्यांना सांगा. झोपेत ती मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा ती दूध घेत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि कधी काळी काही पोटात गेलेच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. ती बाटली सोबत घ्या, १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा विनामूल्य क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तो स्वयंपाकघराच्या दाराआड लिहून ठेवा.

शेवटी ठाण्याचे. घर ‘रसायनमुक्त होईपर्यंत’ जायचे म्हटले तर तुम्हाला परत येताच येणार नाही, आणि दारे-खिडक्या बंद केलेल्या, शहरी हवेतल्या सदनिकेत मुलगी अधिक सुरक्षित राहील असे मानायलाही आधार नाही. आत्ता जाऊ नका. पण तुम्ही शिमग्याला आलात, म्हणजे मोहोरावरच्या फवारणीचा हंगाम तुम्ही अजून पाहिलेलाच नाही. तुमची कलमे घराला लागून आहेत. त्या दिवसांत वाऱ्यावर येणारे तुषार खिडक्यांतून आत येतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि उघड्या विहिरीवर पडतात. यजमानांकडून फवारणीच्या तारखा आधी मागून घ्या; त्या दिवशी विहीर झाका, कपडे आत घ्या, घराकडच्या रांगा सकाळच्या पडल्या वाऱ्यात उरकायला सांगा. माहेरपण हवेच असेल, तर डिसेंबर-जानेवारीत घराजवळच्या कलमांवर पंप लागेल त्या सुमारास मुलीला घेऊन आठ दिवस ठाण्याला जा, आणि जमले तर सासूबाईंनाही बरोबर न्या.